ग्राद नावाची गावं

"तिला उन्हात आण," जोडीचा गवंडी झाप्रियान ओठ न हलवता पुटपुटला. "बोलत बोलत आण."

गवंड्यांचा उस्ता दोब्री याने खिशातली सुतळी चाचपली. परकी बाई पुलाजवळच्या अक्रोडाखाली बसली होती. दोना नाव सांगितलं तिने. गावांच्या नावांचे अर्थ विचारत फिरते म्हणाली. भर उन्हाळ्यात अंगावर लोकरीची शाल.

पूल दोनदा पडला होता. दिवसा उभा करावा, रात्री नदीने न्यावा. शेवटी गवंड्यांनी मीठभाकरीवर हात ठेवून शपथ घेतली: आज पुलाशी जो पहिला येईल त्याची सावली सुतळीने मोजायची, त्याच्या नकळत, आणि ती सुतळी कमानीच्या पायात चिणायची. पूल मग हलत नाही. सावलीचा धनी मात्र अक्रोडाची पानं गळायच्या आत जीवानिशी जातो. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं.

आणि आज जेवण आणायची पाळी दोब्रीच्या घरची. म्हणजे सेव्दा येणार, त्याची एकुलती एक. सकाळपासून दोब्रीच्या हातून थापी निसटत होती. मग ही बाई झाडांच्या सावलीसावलीने आली, आणि त्याने हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

"तुमच्या गावाला ग्रादिश्ते का म्हणतात, उस्ता?" दोनाने विचारलं. आवाज कोरडा होता, घशात चुना अडकल्यासारखा.

"ग्राद म्हणजे शहर. असेल इथं कधीकाळी."

"शहर? इथं?" झाप्रियान हसला. "कोंबड्या धरून मोजलं तरी शहर व्हायचं नाही. ग्राद म्हणजे गारा हो, ताई. दर साल आमची द्राक्षं झोडपतात त्या."

"इथं ग्रादिना म्हणजे बाग," दोना म्हणाली. "डोंगरापलीकडे सर्बांकडे तोच शब्द पडक्या गढीला. मुळात सगळं एकच. कुंपण. चारी बाजूंनी बंद केलेली जागा." तिने शाल घट्ट ओढली. "या नावाची गावं पालथी घालतेय मी. जुनं बांधकाम दिसलं की कान लावते."

"कान? दगड काय सांगतात?"

"अजून तरी काही नाही."

"शिकलेल्यांची खुळं!" झाप्रियानने दोब्रीला कोपर मारलं.

दोब्री खाकरला. "जुने दगड हवेत ना? पुलाच्या पायाशी आहेत, गढीचे. चला, दाखवतो."

"ऊन फार आहे."

"चार पावलं तर आहेत." त्याने खिशातली सुतळी मुठीत धरली. "माझ्या पोरीसारख्या आहात तुम्ही."

दोनाने त्याच्याकडे पाहिलं. "मुलगी आहे तुम्हाला?"

"एकच."

"मग चला," ती म्हणाली आणि उठली.

खाली वाटेवर कुणीतरी गात होतं. ओढ्यासारखा खळखळता गळा. दोब्रीला तो गळा हजारात ओळखू आला असता.

"बाबा! कालवण गार होतंय बरं का! या लवकर, नाहीतर मीच खाऊन टाकते!"

"घाई कर," झाप्रियान कुजबुजला.

दोनाने नदीकाठच्या दगडाला कान लावला होता. सूर्य अजून माथ्यावर आला नव्हता. दोब्री तिच्या मागे गुडघ्यांवर बसला, सुतळीचं टोक तिच्या टाचेशी धरलं आणि दुसरा हात गवतावरून पुढे सरकवला. पुन्हा सरकवला. त्याच्या स्वतःच्या सावलीचं काळं डोकं गवतावर हलत होतं. तिच्या टाचेपुढे नुसतं ऊन होतं.

दोनाने दगडावरून कान काढला.

"माझी मोजून झालीय, उस्ता," ती हळुवार म्हणाली. "मीसुद्धा बाबांचं जेवण घेऊनच निघाले होते. कुठल्या ग्रादला, तेवढंच आठवत नाही."