भाऊबीजेचं ताट

भाऊबीजेला लवू चाळीच्या गॅलरीत बराच वेळ उभा राहिला, पण शेवंतीने ओवाळायचं ताट बाहेर आणलं नाही. सख्खा धाकटा भाऊ, पोलिसातला. पण ज्याने आपल्या नवऱ्याचा हात मोडला, त्याला कसलं ओवाळायचं?

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. रघु निघाला होता. गोळीबार होणार अशी कुणकुण होती, म्हणून उंबऱ्यात तिने त्याचा उजवा दंड गच्च धरला, जाऊ नका म्हणून विनवलं. रघुचा चेहरा पांढराफटक पडला. हात सोडवून त्याने तो सदऱ्यात खुपसला आणि मागे वळून न बघता जिना उतरला. फारच रागावला, असं तिला वाटलं.

दुपारी ती लालबागच्या हाडवैद्याकडे धावली, तेव्हा रघुच्या दंडाला पट्ट्या बांधलेल्या होत्या. पोलिसाची लाठी बसली म्हणाला. शेजारी वर्दीतला लवू.

"लवू, तू होतास?" तिने विचारलं.

लवूने रघुकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"चुकलो, अक्का."

चाळीने रघुला डोक्यावर घेतलं. शेवंतीने भावाशी बोलणं तोडलं. हाड मात्र जुळेना आणि रघु वाळत चालला. दिवाळी सरल्यावर तिने त्याला परळच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. कॅन्सर मूत्रपिंडात सुरू होऊन हाडात पसरला होता. आता फारसा इलाज नाही, हेही त्यांनी हळूच सांगितलं.

"हाड तेव्हाच पोखरलेलं असणार," ते म्हणाले. "त्याला लाठी कशाला हवी? जरासं निमित्त पुरतं."

डॉक्टर गेले. शेवंतीच्या डोळ्यांचं पाणी खळेना. त्यातही तिला भाऊ आठवला. बिचाऱ्याला उगाच शिक्षा केली.

"लवूला बोलावते," ती रघुला म्हणाली. "त्याचे पाय धरते."

"बोलाव. पण तो मोर्च्यावर नव्हताच. शिवडीला ड्युटीवर होता, माझा निरोप मिळाल्यावर वैद्याकडे आला. तू खोदून विचारत बसली असतीस, म्हणून मी त्याला खुणावलं."

"मग लाठी कोणी मारली?"

"मी मोर्च्यापर्यंत पोचलोच नाही."

शेवंतीने आपल्या बोटांकडे पाहिलं. रघुने डाव्या हाताने तिची बोटं धरली.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? तुझा दोष नव्हता गं."