डोक्यामागचे केस

बाबांना एक खोड होती. देव दिसो की पाहुणे, ते माझ्या डोक्यामागे पंजा ठेवायचे आणि "वाक" म्हणत डोकं खाली दाबायचे. खराडीतल्या आयटी कंपनीत टीम लीड झालो, चाळिशी आली, तरी दाबायचे.

गेल्या वर्षी मी टकलावर केस लावून घेतले. डॉक्टरांनी डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे रोवले. "जागा बदलली तरी यांचा स्वभाव बदलत नाही," ते म्हणाले. "आयुष्यभर टिकतील."

"म्हणजे आता हात पुढे ठेवायचा तर," बाबा म्हणाले.

बाबांच्या दहाव्याला नदीवर केस काढायची वेळ आली. मी नकार दिला.

"अरे सुदर्शन, पुन्हा येतील की," उत्तरेश्वरकाका म्हणाले.

"येवोत न येवोत. डोकं माझं आहे. त्यांनी हयातभर वाकवलं, आता मी वाकणार नाही."

तेवढ्यात पुढचे केस आपोआप दबले. वारा नव्हता. मी बोटांनी उभे केले, ते परत बसले. माझा हात खाली होता, तरी डोक्यावर पाच बोटं मला वेगवेगळी जाणवत होती. भार वाढत गेला. मी दात आवळून मान ताठ ठेवली.

"नाही म्हणजे नाही!" मी ओरडलो.

काका चिडले. "अहो, तुम्ही करा सुरू," त्यांनी न्हाव्याला सांगितलं.

न्हाव्याने पाण्यात बुडवलेला हात माझ्या डोक्यापर्यंत आणला आणि थांबला. मग काकांना शांतपणे म्हणाला, "आधी या आजोबांना हात काढायला सांगा."