ट्रेलरचं भ्या

खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आणि भर दुपारी शाळेच्या वर्गात अंधार झाला. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर. खाली सतरंजीवर तेर गावातली माणसं दाटीनं बसलेली.

"हे हसले, की तुझा ट्रेलर गेला," लॅपटॉपला वायर जोडता जोडता शंतनू हळूच म्हणाला. "मग माझा पाठवायचा. ठरलंय ना?"

"ठरलंय," हर्षाली म्हणाली.

दोघं धाराशिवच्या कॉलेजात एका वर्गात. भयपट दोघांनी मिळून काढलेला, ट्रेलर मात्र दोन झाले होते. शंतनूच्या ट्रेलरात मोकळ्या केसांची बाई होती, करकरणारं दार होतं, किंकाळी होती. हर्षालीच्या ट्रेलरात यातलं काहीच नव्हतं. महोत्सवाला संध्याकाळपर्यंत एकच पाठवायचा होता.

"मी तर म्हणतो, आपली पाहणीच फसली," शंतनूची कुरकुर थांबत नव्हती. "आपण विचारलं, ट्रेलरमध्ये काय असलं की तुम्हाला भीती वाटेल? आणि गाव काय सांगतंय? ऊस लई भरला असला की. डायवर पेंगत असला की. अगं, ते सगळे उसाच्या ट्रेलरबद्दल बोलत होते! बाद उत्तरं ती."

"बाद कशी? भीती विचारली, त्यांनी भीती सांगितली."

"आणि तुझे आप्पा? मागं लाल दिवा नसला की, म्हणे."

हर्षालीनं दाराकडं पाहिलं. तिचे आप्पा, बब्रुवान, कारखान्यावर ऊस उतरवून तसेच आले होते. रिकामा ट्रॅक्टर-ट्रेलर रस्त्याकडेला लावून ते चौकटीला टेकून उभे होते, आत बसायला अवघडल्यासारखे.

"हर्षे, भूत दावणार का गं?" पुढं बसलेल्या सिताबाईनं विचारलं. "आधीच सांगते, भुताला म्या भीत न्हाय. सासूसंगं नांदलेली बाई हाय म्या."

वर्ग खदाखदा हसला. शंतनूनं हर्षालीकडं बघून भुवया उडवल्या. तिनं बटण दाबलं.

चादर काळी झाली. मोटारसायकलचा आवाज आला, मग तिचा एकुलता एक उजेड. उजेडात करडा रस्ता, दोन्ही कडांना बाभळी. भाऊ गाडी चालवतोय, मागं बहीण, मांडीवर पिशवी. दिवाळीला माहेरी निघालेली. वाऱ्यावर तिची ओवी येते:

*माहेराच्या वाटंला गं, दोही अंगाला बाभळी,*
*बंधु आला न्यायाला नि रात झाली गं सावळी.*

"अगं बया! ह्यो तर माझा आवाज!" सिताबाई जागच्या जागी उडाली. "परवा म्हणून घेतलीस ती ओवी व्हय ही?"

पुन्हा हशा. शंतनूचं बोट आपल्या ट्रेलरच्या फाईलवर जाऊन थांबलं.

चादरीवरच्या रस्त्यात एक ऊस पडलेला दिसला. एकच. गाडी त्याच्या बाजूनं गेली.

मागं कुणीतरी खाकरलं.

मग दोन ऊस. मग उडत आलेलं पाचट, उजेडात क्षणभर चमकून गेलेलं. ओवी चालूच. बहिणीच्या आवाजात माहेर जवळ येत होतं.

"हळू घे रं," एक म्हातारा पुटपुटला.

आता रस्ताभर ऊस. पुढं काही दिसत नव्हतं. नुसता अंधार, पण त्या अंधाराच्या मधोमध आणखी एक अंधार, चौकोनी, जवळ येणारा.

"आरं थांब की मुडद्या!" सिताबाई गुडघ्यांवर उठली, चादरीकडं हात करून ओरडली. "म्होरं ट्रेलर हाय! दिवा न्हाय त्येला!"

"बिरेक मार! बिरेक मार, पोरा!"

सगळा वर्ग त्या भावाला हाका मारू लागला. ओवी अर्ध्या शब्दावर तुटली. चादर काळी झाली. ऊस मोडावा तसा एक आवाज आला, बस.

त्या काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली: *मागं दिवा न्हाय.*

कुणी हललं नाही.

शंतनू उठला. ठरल्याप्रमाणं विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "एक ते पाचात सांगा, किती भीती वाटली?"

सिताबाई छातीला हात लावून तशीच बसली होती. मग शेजारणीला म्हणाली, "आमचा पोरगा प्रेम मुरूम गावाहून फटफटीवर निघणार हाय अंधाराचा. फोन लाव त्येला. म्हणावं, यष्टीनं ये."

शंतनूनं आपली फाईल न उघडताच लॅपटॉप मिटला. "हाच जाईल," तो म्हणाला. "मला नसता सुचला गं."

हर्षालीची मान आपोआप ताठ झाली. आप्पांचा चेहरा बघावा म्हणून ती दाराकडं वळली. चौकट रिकामी होती.

आवडलं नसेल? तिनं खिडकीवरची घोंगडी ओढली. ऊन भसकन आत आलं.

बाहेर बब्रुवान ट्रेलरच्या मागं उकिडवे बसले होते. डोक्याचा रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून ते ट्रेलरच्या पाठीवरचा चिखल घासत होते. हंगामभराचा चिखल, दगडासारखा. त्याखालून वीतभर रेडियमची पट्टी निघाली, उन्हात लालभडक झाली.

रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं गाडी हळू केली. "का हो बब्रुवान, गाडी धुताय? आज दसरा हाय का?"

बब्रुवाननं मान वर केली नाही. रुमाल पुन्हा भिजवून ते दुसऱ्या कोपऱ्याला लागले.

"माझी पोरगी शिनिमा काढती," ते म्हणाले.