तिसरी जोडी

आर्मास आपला अ‍ॅम्प्लिफायर घोंगडीत गुंडाळून, छातीशी धरून, डॅग्नीच्या तळघराचा जिना एकेक पायरी उतरला. मागून त्याची बायको हेल्मी, हातात त्याची पियानोची रेकॉर्ड घेऊन.

"अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे होता की हो," डॅग्नी म्हणाली.

"दुसऱ्याच्या पायात घालून कुणी बूट घेतं का?" आर्मास म्हणाला, आणि तारा जोडायला गुडघ्यांवर बसला.

डॅग्नी जुने स्पीकर दुरुस्त करून विकायची. जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढे उंच, अशा तीन जोड्या तिने भिंतीशी मांडल्या होत्या. तिसऱ्या जोडीत खोट होती, आणि ती तिनेच काल मुद्दाम करून ठेवली होती. बारीक, उंच सूर काढणारा जो वरचा छोटा स्पीकर असतो, त्याची तार तिने दोन्हीकडे आतून सोडवली होती. हेल्मीने फोनवर तशी गळच घातली होती.

"चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले त्याने," हेल्मी म्हणाली होती. "आता किटलीची शिटी ऐकू येत नाही. दोनदा कोरडी पडून जळली. कान दाखव म्हटलं, तर म्हणतो किटलीच बिघडलीय. वर्षात दोन अ‍ॅम्प्लिफायर बदलले. माझं ऐकायचा नाही गं तो. स्पीकरचं ऐकेल." कानाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळसुद्धा तिने गुपचूप घेऊन ठेवली होती. तिसऱ्या जोडीतली खोट त्याला कळली, तर देव पावला. नाही कळली, तर डॅग्नीने झाकण उघडून सुटलेली तार दाखवायची, असं दोघींचं ठरलं होतं.

पहिली जोडी त्याने दोन मिनिटांत बाद केली. "पियानो पिंपात बसवलाय."

दुसरी त्याला आवडली. पण थोड्या वेळाने त्याने अ‍ॅम्प्लिफायरवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. "यांची भूक फार. माझं यंत्र तीस वॅटचं, यांना पोसता पोसता मरेल बिचारं."

अगदी बरोबर होतं त्याचं. असा जाणता माणूस, आणि आपण त्याला सापळ्यात धरतोय, याची डॅग्नीला लाज वाटली. तरी तिने तारा तिसऱ्या जोडीला लावल्या.

पियानो सुरू झाला. डाव्या हाताचे सूर भरदार. उजव्या हाताचे मात्र गोधडीखालून आल्यासारखे. हेल्मीलाही ते कळलं, आणि तिला कधी सुरातलं ओ की ठो कळलं नव्हतं. तिने पर्स घट्ट धरली. आर्मासने डोळे मिटले होते आणि त्याची बोटं मांडीवर हलत होती. रेकॉर्ड संपली. डॅग्नीने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"सुरेख," आर्मास म्हणाला.

हेल्मीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आमच्या डुलुथ गावात कौतुकाचा शब्द एकच, 'वाईट नाही'. त्यापुढे कुणी गेलं तर लोक तब्येत विचारतात. लग्नात हेल्मीला बघून आर्मास तेच म्हणाला होता. मुलगी झाली तेव्हाही तेच. त्रेचाळीस वर्षांत हा दुसरा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"वरचे सूर ऐकलेस? कसे लख्ख," तो तिला म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी घाबरलो होतो गं. म्हटलं, माझेच कान गेले."

डॅग्नी पुढे झाली. हेल्मीने तिचा दंड धरला.

"हेच घेऊ," हेल्मी म्हणाली.

आर्मास गाडीची मागची सीट पाडायला वर गेला. जाताना तो चक्क शीळ घालत होता. त्याची पावलं दाराबाहेर गेल्यावर डॅग्नी हेल्मीवर उखडली.

"अगं बाई, हे काय? सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

"मंगळवारी डॉक्टर सांगतील. आज शनिवारच आहे."

"मग निदान तारा तरी जोडून देते. दहा मिनिटांचं काम. तो येईपर्यंत होईल."

हेल्मीने डोळे पुसले आणि घोंगडी उचलून घडी घालू लागली.

"नको गं," ती म्हणाली. "तोवर घरात दोघांना सारखंच ऐकू येऊ दे."