बाइंडिंगला गेलेली कादंबरी

"या कादंबरीचा खरा नायक म्हणजे समाज!" असं म्हणून मास्तर खुर्चीत मागे रेलले.

ग्रंथपालबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलाखाली, त्यांच्या मांडीवर, तीच कादंबरी होती. खाकी कागदात गुंडाळलेली, सुतळीची गाठही न सोडलेली. पानं सुटी झाली म्हणून महिन्यापूर्वी बाइंडिंगला दिली होती, ती आज दुपारी परत आली. वाचनालयात तिची एवढी एकच प्रत. महिन्याचं पुस्तक काउंटरवर ठेवायचं आणि चर्चेच्या मंडळींनी ते आळीपाळीनं घरी नेऊन वाचायचं, अशी इथली रीत. या खेपेला काउंटरवर पुस्तक नव्हतंच. आणि ते कुठे आहे, असं एकानंही विचारलं नव्हतं.

मंडळींच्या हाती होती ती फळ्यावरची एक ओळ. 'घर सोडून निघालेल्या एका बाईची गोष्ट.' तीही बाईंनीच मलपृष्ठावरून उतरवलेली. पुस्तक त्यांनीसुद्धा वाचलं नव्हतं, पण ग्रंथपालाला वाचायला वेळ कुठे असतो? ती गोष्ट निराळी.

आज चर्चा संपली की हे पुडकं टेबलावर आपटायचं, एकेकाचं तोंड बघायचं आणि ही दरमहाची थट्टा कायमची बंद करून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. खोली मोकळी होईल आणि डोकंही.

"मला काही ती बाई पटली नाही," जोडीनं येणाऱ्या नणंद-भावजयींपैकी नणंद म्हणाली. "असं उठून जातं का कुणी? थोडं सोसायचं."

"वन्सं, तुम्ही मधला भाग नीट वाचला नाहीत," भावजय म्हणाली.

मधला भाग! बाईंनी दात आवळले. औषधवाले काका भिंतीला डोकं टेकून घोरत होते. निदान ते थापा तरी मारत नव्हते.

आणि दाराजवळच्या शिलाईताई. त्यांचं मागच्या गल्लीत शिवणकाम चालायचं. दर महिन्याला यायच्या, एक अक्षर बोलायच्या नाहीत. खाली नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की कुणाचं वाक्य अर्धं असलं तरी उठायच्या. एकदा त्यांच्या मनगटावर काळानिळा वळ दिसला होता. "मशीनचं चाक लागलं," असं त्यांनी सांगितलं आणि बाईंनी पुन्हा विचारलं नाही. एकदा फलकाचा कागद कापायला बाईंनी त्यांची कात्री मागितली, तेव्हा मात्र ताई हसल्या होत्या. "बाई, दुसरं काहीही मागा. माझी कात्री मशीनजवळून हलत नाही." बाईंना त्या आवडायच्या. न वाचता बोलत नाही, अशी ही एकच.

"ती मुलीसाठी थांबली होती," शिलाईताई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आता हीसुद्धा!

"अगदी बरोबर," मास्तर लगेच म्हणाले. "लेखकानं ते फार छान सुचवलंय."

"मुलगी नांदायला गेली. मग आणखी कुणासाठी थांबायचं?" ताई खाली बघून बोलत होत्या. "नवरा परगावी गेलाय, तेवढ्यात ती निघते. किल्ली आतच ठेवते आणि दार ओढून घेते. म्हणजे मन फिरलं तरी आत जाता येऊ नये."

बस झालं. बाईंनी पुडकं दोन्ही हातांनी उचललं. "ताई, हे नक्की कुठल्या पानावर—" असं म्हणत त्या वळल्या, आणि त्यांची नजर ताईंच्या पायाशी गेली.

नेहमीची कापडी पिशवी नव्हती. मोठी प्रवासाची बॅग होती. फुगलेली, चेन पुरती न लागलेली. फटीतून कात्रीची मूठ बाहेर आली होती.

आज हॉर्नही वाजला नव्हता, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी पुडकं हळूच परत मांडीवर ठेवलं.

"पण जाते कुठे ती?" नणंदेनं विचारलं. सोसण्याचा मुद्दा ती विसरली होती.

"बहिणीकडे. बहीण कधीची बोलावतेय. पण..." ताई बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "पुढचं माझं वाचायचं राहिलं. शेवटी तिचं निभतं का हो?"

मास्तर खाकरले. भावजय पंख्याकडे बघू लागली. एवढा वेळ धो धो बोलणाऱ्यांपैकी एकालाही शेवट सुचेना. तेवढ्यात काका दचकून जागे झाले आणि म्हणाले, "हो, शेवट काय होतो?"

"बाईंना विचारा," मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "त्यांचं तर कामच आहे वाचायचं."

सगळे बाईंकडे बघू लागले. शिलाईताईसुद्धा. त्या मात्र श्वास रोखून बघत होत्या.

टेबलाखाली बाईंचा अंगठा सुतळीच्या गाठीवर होता.

"निभतं," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला जड जातं. रडते, परतीच्या गाडीची चौकशीसुद्धा करते. पण मग तिला तिथं काम मिळतं आणि ती परत येत नाही."

"नक्की?" ताईंनी विचारलं.

"नक्की. शेवटचं पान मी दोनदा वाचलंय."