शेजारचा कागद

बाबा दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जायचे, पण भोक पडलेला कागद त्यांनी कधी घरी आणला नाही. "नेम धरायला जायचे की नुसत्या गप्पा छाटायला, देव जाणे," असं आई ते वारल्यावरही म्हणायची. शेवटी लेक त्यांच्याच जागेवर जाऊन उभी राहिली. आईला एक तरी भोक दाखवायचंच, म्हणून तिने श्वास रोखून पिस्तुलातल्या सगळ्या गोळ्या झाडल्या. समोरचा कागद कोराच राहिला.

शेजारच्या जागेवर बाबांचे एक जुने मित्र अजून पिस्तूल भरतच होते. आपल्या कागदाच्या मधोमध पडलेलं भोक पाहून त्यांनी डोळे पुसले.


"अगदी बापावर गेलीस गं पोरी! आईला घेऊन घरी ये, त्याने जिंकलेले सगळे कप माझ्याकडेच आहेत."