दोघांपुरती जागा

पुनम मालाच्या बिल्टीवर ट्रकचा नंबर टाकत होती, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. सर्व्हरनं तिला पुन्हा बाहेर टाकलं होतं.

“निकेश! तू काढलं न मले?”

“मंग का करू? माझा ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देऊन राह्यला.”

“अन् माझे ड्रायव्हर का आरती म्हणून राह्यले?”

मधल्या टेबलावर रंजीताबाई चष्मा पुसत बसल्या होत्या. बाहेर कोरपन्याच्या रस्त्यावर सिमेंटनं भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती. बिल्टी हातात पडल्याशिवाय एकही ट्रक हलणार नव्हता.

सकाळी ट्रान्सपोर्टचं ऑफिस उघडलं तेव्हा तिघांच्याही स्क्रीनवर एकच ओळ होती: परवाना देणारा सर्व्हर सापडत नाही. चंद्रपूरहून कॉम्प्युटरवाला सरफराज आला. सर्व्हर फुकट वापरायची मुदत संपली, आता माणसागणिक परवाने विकत घ्यावे लागतील, असं त्यानं मालकाला सांगितलं. तोवर काम अडू नये म्हणून दुरुस्तीवाल्यांसाठी असलेली वाट त्यानं सगळ्यांना उघडून दिली. त्या वाटेनं एका वेळी दोघंच आत राहू शकत होते. तिसरा आला, की सर्व्हर आतल्या दोघांची नावं दाखवायचा आणि विचारायचा, कुणाला बाहेर काढू?

वरचं नाव सकाळपासून तेच होतं: मालक. काचेच्या केबिनमध्ये बसून तो मालक, आदेश, कोण किती काम करतं ते पाहत होता. त्याच्या नावाला कुणी हात लावत नव्हतं. उरलेल्या एका जागेवरून तिघं एकमेकांना काढत होती. कालच या तिघांनी एका डब्यातली वांग्याची भाजी वाटून खाल्ली होती.

आदेश केबिनच्या दारात आला.

“सरफराज, परवाने नको घेऊ.”

“भाऊ, ही वाट रोजच्या कामाची नाई.”

“सकाळपासून पाहून राह्यलो मी. एका जागेवर गाड्या निघूनच राह्यल्या न? मंग तीन माणसं कायले पोसू?” तो तिघांकडे वळला. “संध्याकाळी कुलूप लावताना जो आत दिसन, त्यानंच उद्या या. बाकीच्यायनं येऊ नका.”

केबिनचं दार बंद झालं. निकेशनं पुनमला काढलं, पुनमनं निकेशला. रंजीताबाई कशाबशा आत गेल्या आणि अर्धी बिल्टी व्हायच्या आत बाहेर आल्या.

“पुनम, तू?”

“तुम्ही आता घरी बसा न, बाई. तुमची पोरं कमावते. माझ्या घरी कोन हाये?”

रंजीताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. बिल्टी कशी लिहायची ते पुनमला त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांची नजर काचेपलीकडच्या सर्व्हरवर गेली. तो एका जुन्या लाकडी खुर्चीवर ठेवला होता. हे ऑफिस पत्र्याची टपरी होतं, तेव्हा त्यात तेवढी एकच खुर्ची होती. आदेशचे वडील गुणवंतराव ती बिल्टी लिहिणाऱ्याला द्यायचे. स्वतः दारात उभे राहून तंबाखू मळायचे आणि ड्रायव्हरांना दटावायचे, “लिहिनाऱ्याले बसू द्या रे.”

रंजीताबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा आत जायचं बटण दाबलं. दोन नावं आली. मालक. पुनम.

त्यांनी वरचं नाव दाबलं.

केबिनमध्ये खुर्ची मागे सरकली. “मले कोनं काढलं?”

कुणी मान वर केली नाही. पुनमनं आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. ती अजून आतच होती. तिनं हळूच रंजीताबाईंकडे पाहिलं आणि मग भराभर ट्रकचा नंबर टाकून घेतला.

आदेश परत आत शिरला. पुनम बाहेर फेकली गेली. यावेळी ती ओरडली नाही. तिच्या आधी निकेशनं बटण दाबलं होतं. त्याच्यासमोर दोन नावं होती: मालक आणि रंजीताबाई. तो जरा थांबला, घसा खाकरला आणि त्यानंही वरचंच दाबलं.

“अबे!”

आदेश पुन्हा शिरला, पुन्हा बाहेर पडला. या खेपेला त्याला पुनमनं काढलं होतं. तो दार धाडकन उघडून दारात आला.

“सरफराज, या तिघाईचे पासवर्ड बंद कर!”

“ते कराले आत जा लागते, भाऊ. आत जागा कुठी हाये?”

“एकाले काढ न मंग!”

सरफराजनं तिघांकडे पाहिलं. “एकाले काढलं, का दुसरा मले काढन,” तो म्हणाला आणि माऊसवरचा हात त्यानं मांडीवर ठेवला.

बाहेरून कुणीतरी खिडकीची काच बडवली. आदेशच्या खिशात फोन वाजला. सिमेंट कारखान्यातून होता. त्यानं तो पाहिला, घेतला नाही. ट्रकांचे हॉर्न एकात एक मिसळले. आदेश दारातच उभा राहिला, आत नाही, बाहेर नाही.

“परवाना घेतला तर केव्हा चालू होते?” शेवटी त्यानं विचारलं.

“आजच. कितीजनाईचा घेऊ?”



“आमचे तिघाईचे घे,” रंजीताबाई कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाल्या. “भाऊ बसतीन का उभे राहतीन, थे त्यायले विचार.”